तुम्ही विचारलंत म्हणून: डीपीवरची घोळदार स्कर्टवाली बाई

"डीपीवर कोण गं ती, खापरपणजी का तुझी?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. नणंदेने विचारलाय, ऑफिसातल्या नव्या पोराने विचारलाय, मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर एका आईने विचारलाय आणि एकदा तर सोसायटीच्या वॉचमनकाकांनी फोनकडे बघून "मॅडम, ह्या राणी कुठल्या?" असं विचारलं होतं. मी आपलं "जुनी टेनिसवाली आहे एक" एवढंच सांगून मोकळी होते, की लगेच पुढचा प्रश्न येतोच, की बाई, स्टेफी आहे, सेरेना आहे, आपली सानिया आहे, त्या सगळ्या सोडून ही कोण शोधून काढलीस? आता या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, दरवेळी अर्धवट राहतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

तर ही डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. जन्म १८७८चा, लंडनच्या पश्चिमेला ईलिंग म्हणून भाग आहे तिथला, वडील तिथल्या चर्चचे पाद्री. विम्बल्डन सिंगल्स ७ वेळा जिंकली: १९०३, १९०४, १९०६, १९१०, १९११, १९१३ आणि १९१४. फायनलला, म्हणजे तेव्हाच्या भाषेत चॅलेंज राउंडला (हे काय ते पुढे सांगते) वगैरे धरून, एकूण ११ वेळा पोचली. १९०८चं ऑलिम्पिक गोल्ड आहे. मधल्या काळात बॅडमिंटनही खेळून ऑल इंग्लंड स्पर्धेची डबल्सची टायटल्स घेऊन ठेवलीत, आणि हॉकीसुद्धा. म्हणजे आपल्याकडे ज्याला "ही पोरगी घरात ठरत नाही" म्हणतात तसला प्रकार.

जुन्या विजेत्यांच्या याद्या बघितल्या तर एक गंमत होते. सुरुवातीच्या ३ टायटल्सना "मिस डी. के. डग्लस" असं नाव आहे, आणि पुढच्या चारांना "मिसेस लॅम्बर्ट चेंबर्स". मधे १९०७ साली लग्न झालं ना. मी पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा मला ह्या दोन वेगळ्या बायका वाटल्या होत्या, खरंच. मग म्हटलं यात हसण्यासारखं काय आहे, आपल्याकडे तर ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहून घ्यायचे आणि माहेरची कुसुम एका संध्याकाळीत वसुधा व्हायची, तिने लग्नाआधी काही जिंकलं असतं तर कोणाला पत्ता लागला असता.

तिचं नाव मला कळलं ते एका वाईट दिवसांत, ते नंतर सांगते. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलंय, फक्त लक्षात नाहीये. २०२५ची विम्बल्डन महिला फायनल आठवा. इगा स्वियाटेकने अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० हरवलं, ५७ मिनिटांत खेळ खल्लास, ती बिचारी अमांडा नंतर माईकवर बोलताना रडली होती. तेव्हा बातम्यांत सारखं येत होतं की विम्बल्डन फायनलला असा स्कोअर १९११ नंतर पहिल्यांदाच. त्या रात्री मला चार जणांचे मेसेज आले, "१९११ म्हणजे तुझीच बाई ना?" हो, माझीच बाई. १९११ला तिने डोरा बूथबीला ६-०, ६-० केलं होतं. मोठ्या स्पर्धांच्या सिंगल्स फायनलमध्ये मधल्या सगळ्या वर्षांत हे फक्त स्टेफी ग्राफला जमलं, १९८८च्या फ्रेंच ओपनला.

मला मात्र त्या मॅचमध्ये डोरोथियापेक्षा डोरा बूथबीबद्दलच जास्त वाटतं. १९०८च्या ऑलिम्पिकमध्ये गोल्डसाठीची मॅच बूथबी डोरोथियाशी हरली. मग १९०९ला डोरोथिया खेळायला नव्हती, तेव्हा बूथबी विम्बल्डन जिंकली, चॅम्पियन झाली, वर्षभर मिरवली असेल. १९१०ला डोरोथिया परत आली आणि ६-२, ६-२ने टायटल काढून घेतलं. १९११ला बूथबी पुन्हा खालून सगळ्या मॅचेस जिंकत जिंकत वर आली, आणि वर येऊन काय मिळालं तर दोन भोपळे. तिचा सूड शेवटी १९१३ला उगवला, तोही कसा बघा, त्या वर्षी बायकांची डबल्स सुरू झाली, बूथबी आणि मॅकनेअर एकीकडे, डोरोथिया आणि शार्लट स्टेरी दुसरीकडे, डोरोथियाची जोडी पहिला सेट जिंकून दुसऱ्यातही पुढे होती आणि स्टेरीचा पाय गेला. मॅच सोडून द्यावी लागली. बूथबी जिंकली. देव आहे म्हणायचं.

आता इथे क्रिकेट-टेनिस बघणारे पुरुष मंडळी हमखास म्हणतात (माझ्या घरातच एक आहेत), "अहो पण तेव्हा कॉम्पिटिशन कुठे होती, पाच-पंचवीस बायका खेळायच्या, आणि चॅम्पियनला तर डायरेक्ट फायनल." या बोलण्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. १९०८च्या ऑलिम्पिकला तर नावं देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी आल्याच नाहीत, मोजून पाच जणी कोर्टवर उतरल्या आणि सगळ्या ब्रिटनच्याच. आणि चॅलेंज राउंड म्हणजे असं होतं, की गेल्या वर्षीची चॅम्पियन घरी बसून राहणार, बाकीच्या आपापसात लढून जी उरेल ती येऊन तिला आव्हान देणार. आपल्याकडे कुस्तीच्या फडात शेवटची मानाची जोड असते ना, तसंच काहीसं. विम्बल्डनने हा प्रकार १९२२ला बंद केला.

पण मी एकदा वहीत मांडून बघितलं. सातपैकी १९०४, १९११ आणि १९१४ या तीन वेळाच ती गादीवर बसून होती आणि एकच मॅच खेळली. बाकी चार वेळा तिला तळापासून यावं लागलंय, कारण आधीच्या वर्षी ती एकतर हरली होती किंवा खेळलीच नव्हती. म्हणजे जी सोय चॅम्पियनसाठी होती ती तिला निम्म्याहून जास्त वेळा मिळालीच नाही. हे मी घरातल्या गृहस्थांना दाखवलं. ते म्हणाले, "बरं." 

आणि कॉम्पिटिशन नव्हती म्हणायचं तर मे सटनचं काय करायचं? ही मे इंग्लंडमध्येच जन्मलेली पण लहानपणी घरचे कॅलिफोर्नियाला गेले, तिथे वाढली. १९०५ला अठरा वर्षांची असताना इंग्लंडला आली, बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, स्कर्ट बाकीच्यांपेक्षा आखूड, घोटे दिसतात म्हणून लोकांच्या भुवया वर, आणि फोरहँड असा की समोरची मागे मागे सरकत जावी. तिने डोरोथियाला ६-३, ६-४ हरवलं. विम्बल्डन जिंकणारी ही पहिली परदेशी खेळाडू. दुसऱ्या वर्षी १९०६ला डोरोथियाने खालून येऊन तिला ६-३, ९-७ हरवलं. तिसऱ्या वर्षी १९०७ला पुन्हा मे, ६-१, ६-४. तीन वर्षं एकमेकींच्या मानगुटीवर. मग मे अमेरिकेत परतली. ही मे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

डोरोथियाचा खेळ कसा होता, तर बेसलाइनवरून, शांत डोक्याने, बॉल जिथे पाहिजे तिथेच. ताकदीचं काम नव्हतं. समोरचीला इकडे पळव, तिकडे पळव, पुढे आली तर बाजूने काढ नाहीतर डोक्यावरून लॉब टाक, मागे गेली तर नेटजवळ अलगद सोड. म्हणजे एखादी अनुभवी सासू जसं घर चालवते, आवाज न चढवता, तसं. १९१० साली तिने बायकांसाठी टेनिसवर एक पुस्तकही लिहिलं, आणि त्यात सांगितलंय की लहानपणी ती विटांच्या भिंतीवर बॉल मारत बसायची आणि प्रेक्षक म्हणून आपल्या बाहुल्या आणि खेळण्यातले प्राणी मांडून ठेवायची. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण मीही भिंतवालीच, पण त्याकडे येते.

त्याच पुस्तकात कपड्यांबद्दल लिहिलंय. स्कर्ट साधा, कळ्या जोडून शिवलेला, खाली पुरेसा घेर असलेला, जमिनीपासून चार-पाच इंच वर, म्हणजे घोटे जेमतेम सुटतील एवढा. चुण्यांचा नको, कोर्टवर गैरसोयीचा. वर पांढरा ब्लाउज, गळ्याशी बंद कॉलर. तुम्हाला वाचताना वाटेल काय हे, पण त्या काळात चार-पाच इंच वर म्हणणं हे सोयीचंच सांगणं होतं. आणि ही सगळी कपड्यांची भानगड पोटाभोवती कॉर्सेट आवळून. कॉर्सेट म्हणजे आत पट्ट्या घालून कडक केलेला कंबरपट्टाच, त्यात नीट वाकता येत नाही, श्वास पूर्ण घेता येत नाही, आणि बॅकहँडला वाकल्याशिवाय कसं चालेल?

मी हे करून बघितलंय, कॉर्सेट नाही, स्कर्ट. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवारी नेसले होते, परत आल्यावर सोसायटीच्या कोर्टवर कोणी नव्हतं म्हणून रॅकेट घेऊन पंधरा मिनिटं भिंतीवर मारलं. काही अडलं नाही हो. काष्टा घट्ट असेल तर नऊवारीत पाय पूर्ण मोकळे, बाजूला पळा, पुढे झेप घ्या, फक्त डोक्यावरचा पदर सांभाळा किंवा खोचा. मग पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नातला घागरा होता, घोट्यापर्यंतचा, तो घालून तेच करायला गेले. पहिल्या तीन बॉलला बरं वाटलं. चौथा जरा उजवीकडे आला, मी उजवा पाय टाकला, घेराने डाव्या पायाला मिठी मारली आणि मी सरळ गुडघ्यावर. घागऱ्याची जर उसवली ती वेगळीच. समोर खेळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ज्या बाईने असल्या कपड्यात ४० वर्षांची असताना ४४ गेमची फायनल काढली तिच्याबद्दल मी चेष्टेने बोलत नाही.

आता मूळ मुद्दा, ती मला का आवडते.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मी चार वर्षं रॅकेटला हात लावला नव्हता. कॉलेजला असताना बरी खेळायचे, जिल्हा पातळीपर्यंत, पुढे नोकरी, लग्न, मुलं, नेहमीचीच गोष्ट. अडतिसाव्या वर्षी पुन्हा सुरू करावं म्हणून एका ठिकाणी चौकशीला गेले तर तिथल्या कोचने माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, "मॅडम, आता या वयात कॉम्पिटिटिव्ह बॅच वगैरे कशाला, सकाळी झुंबा आहे, वजन उतरेल." घरी येऊन रडले नाही, पण जेवणही गेलं नाही. त्या रात्री फोनवर असंच शोधत बसले होते, आई झाल्यावर टेनिस खेळलेल्या बायका, आणि तिथे एक ओळ दिसली: १९८०ला इव्हॉन गुलागाँग विम्बल्डन जिंकली तेव्हा ती १९१४ नंतर जिंकणारी पहिली आई होती.

मी ती ओळ दोनदा वाचली. १९१४ ते १९८०, म्हणजे ६६ वर्षं. मधे दोन महायुद्धं झाली, माणूस चंद्रावर गेला, आणि एवढ्या काळात एकही आई तिथे सिंगल्स जिंकली नाही. आणि १९१४ला जी जिंकली होती ती कोण, तर ही.

मग मी तिची वर्षं नीट लावून बघितली. १९०७ लग्न. १९०८ला विम्बल्डनला लवकर हरली, तीही कोणाशी, शार्लट स्टेरीशी, जी स्वतः दोन मुलांची आई होती आणि ३७व्या वर्षी ती स्पर्धा जिंकून गेली (हा रेकॉर्ड, सगळ्यात मोठ्या वयाची महिला सिंगल्स चॅम्पियन, अजून तिच्याच नावावर आहे). १९०९ला डोरोथिया नाही, पहिलं मूल. १९१०, १९११ जिंकली. १९१२ला नाही, दुसरं मूल. त्या वर्षी एथेल लार्कम जिंकली. १९१३ला डोरोथिया परत, सगळी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकली, शेवटच्या मॅचला विनिफ्रेड मॅकनेअरला हरवलं, आणि चॅलेंज राउंड व्हायलाच नको, कारण लार्कमला मिक्स्ड डबल्सच्या फायनलमध्ये डोळ्याला बॉल लागला होता. तुम्ही म्हणाल हे टायटल फुकटात. ठीक आहे, पण १९१४ला लार्कम बरी होऊन समोर आली, ७-५, ६-४, डोरोथियाच जिंकली. वय ३५, घरी दोन मुलगे.

म्हणजे बघा, ४ टायटल्स लग्नानंतरची आणि चारही मुलं झाल्यावरची. मला त्या वेळी कोणी सांगायला नव्हतं, ते या बाईने वर्षांच्या यादीतूनच सांगितलं. मी हे फार मोठं करून सांगत नाहीये, तिच्या घरी नोकरचाकर असणार, त्या काळच्या सुखवस्तू घरातली बाई ती, माझ्यासारखं कुकरची शिट्टी आणि ऑफिसची लोकल तिच्या मागे नव्हती. हे मला कळतं. पण शरीर तर तेच ना, पोट तेच, पाठ तीच.

त्याच महिन्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही, १९१४च्या जुलैत विम्बल्डन झालं आणि ऑगस्टमध्ये इंग्लंड युद्धात उतरलं. पुढची ४ वर्षं स्पर्धाच नाही. ज्या वयात खेळाडूचं एकेक वर्ष सोन्याचं असतं ती चार गेली. १९१९ला विम्बल्डन पुन्हा भरलं तेव्हा नियमाप्रमाणे चॅम्पियन अजून तीच, गादीवर बसलेली, वय ४०. आणि खालून वर आली फ्रान्सची सुझान लेंग्लेन, वय २०, तिचं गवतावरचं पहिलंच मोठं टेनिस.

ही मॅच मी शंभर वेळा वाचलीय. जागा वर्पल रोडचं जुनं ग्राउंड, आत्ताच्या जागी विम्बल्डन १९२२ला गेलं. बघायला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी. एका बाजूला डोरोथिया, मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बंद, घोट्यापर्यंत स्कर्ट. दुसरीकडे सुझान, हात उघडे, ड्रेस पोटरीपर्यंत, आत कॉर्सेट नाहीच, नाचल्यासारखी उडतेय. पुस्तकवाले आणि डॉक्युमेंटरीवाले इथे लगेच जुना जमाना विरुद्ध नवा जमाना करून टाकतात, आणि म्हातारी हरली, पोरगी जिंकली, कॉर्सेट गेलं, टाळ्या. मला हेच पटत नाही. कारण म्हातारी जवळजवळ जिंकली होती.

पहिला सेट सुझानने १०-८ घेतला. दुसरा डोरोथियाने ६-४. सुझान दमली होती, वडील स्टँडमध्ये बसलेले, मधे ब्रँडी पोचवली, ती पिऊन पुन्हा उभी राहिली असं सांगतात. तिसऱ्यात सुझान ४-१ने पुढे. इथे बहुतेक जण म्हणाले असतील चला संपलं, घरी चला. डोरोथिया तिथून एकेक गेम काढत बरोबरीला आली, आणि मग पुढे गेली, ६-५, ४०-१५. दोन मॅच पॉइंट. पाच वर्षांनी खेळणाऱ्या ४० वर्षांच्या बाईला आठव्या टायटलसाठी एकच पॉइंट हवा.

पहिल्या पॉइंटला सुझानची रॅकेट कशीबशी बॉलपर्यंत पोचली, तारांवर नाही, लाकडी फ्रेमवर लागला बॉल, आणि नेटच्या वर येऊन अलीकडे पडण्याऐवजी पलीकडे पडला. झालं. असा बॉल आपण गल्लीतही मारला तर "सॉरी हं" म्हणतो. दुसऱ्या पॉइंटला मात्र सुझानने बॅकहँड लाइनला लागून मारला, तो तिचा स्वतःचा, त्याला नशीब म्हणता येणार नाही. मग बरोबरी, आणि शेवटी ९-७ सुझान. एकूण ४४ गेम, विम्बल्डनच्या बायकांच्या फायनलमधले सर्वात जास्त, आणि हा आकडा १९७०पर्यंत टिकला, मार्गारेट कोर्ट आणि बिली जीन किंगने ४६ गेम खेळून मोडला.

लोक म्हणतात फ्रेमला लागलेला बॉल अर्धा इंच अलीकडे पडला असता तर. मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो पुढच्या वर्षात. १९२०. आता ती चॅम्पियन नाही, म्हणजे पुन्हा तळापासून. वय ४१. असं हरल्यावर माणूस म्हणतो झालं आता, खूप झालं, सात आहेत की घरात, मुलं मोठी होतायत. ही आली, खेळली, वाटेत मोला मॅलरीला हरवलं, एलिझाबेथ रायनला हरवलं (ह्या दोघी काय लेच्यापेच्या नव्हेत, मॅलरी अमेरिकेची अनेक वेळची चॅम्पियन), आणि पुन्हा सुझानसमोर जाऊन उभी राहिली. ६-३, ६-० हरली. चुरस नाही, काही नाही, सरळ हरली. या मॅचबद्दल कोणी लिहीत नाही. मला तिच्या करिअरमधली ही सगळ्यात आवडती फायनल आहे, आणि माझ्या डीपीचं खरं कारण विचाराल तर हेच.

आपल्याकडचंही एक सांगायला हवं, म्हणजे हे सगळं लंडनच्या गवतापुरतं वाटायला नको. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमाबाई राव, ज्यांना आपण संस्कृत लेखिका म्हणून ओळखतो, त्या स्वतः टेनिस खेळायच्या, आणि त्यांची मुलगी लीला राव १९३४ला विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई ठरली. म्हणजे आई खेळते म्हणून मुलगी खेळते, असं आपल्याकडेही होतं. शाळेच्या पुस्तकात का नाही हे, माहीत नाही.

डोरोथियाच्या सात टायटल्सचा आकडा हेलन विल्सने १९३५ला गाठला आणि १९३८ला आठवं घेऊन मागे टाकला. पुढे मार्टिना नवरातिलोवाने नऊ केली. १९२८ला डोरोथिया प्रोफेशनल कोच झाली, म्हणजे तेव्हाच्या नियमाने हौशी खेळाडूंच्या स्पर्धांचे दरवाजे बंद, विम्बल्डनसुद्धा. १९६०च्या जानेवारीत लंडनमध्ये वारली, ८१ वर्षांची होऊन. १९८१ला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव घातलं.

आणि हो, मे सटन. १९२५, अमेरिकेत फॉरेस्ट हिल्सला वाइटमन कप, म्हणजे इंग्लंड विरुद्ध अमेरिका, फक्त बायकांची टीम स्पर्धा. इंग्लंडची कॅप्टन डोरोथिया, वय ४६, दोन मुलगे आता चांगले मोठे झालेले. कॅप्टन म्हणून बाहेर बसून टाळ्या वाजवल्या असत्या तरी चाललं असतं, पण तिने स्वतःचं नाव टीममध्ये घातलं. सिंगल्समध्ये एलिनॉर गॉसला तीन सेटमध्ये हरवलं. मग डबल्सला एर्मिनट्रूड हार्वेला घेऊन उतरली, तर नेटच्या पलीकडे मोला मॅलरी, आणि तिच्या शेजारी मिसेस बंडी म्हणून जी उभी होती ती मे सटन, लग्नानंतरचं नाव, तीही आता मुलांची आई, वय ३८. १९०५ला कोपरापर्यंत बाह्या सरकवून आलेली पोरगी. वीस वर्षांनी तोच फोरहँड समोर. डोरोथिया-हार्वे जिंकल्या. इंग्लंड ४-३ने जिंकलं, त्या चारातले दोन पॉइंट या बाईचे.

वॉचमनकाकांना मी हे सगळं सांगितलं नाही, "राणीच आहेत" एवढंच म्हटलं.